अधिवासाचा दाखला

काही माणसं पहिल्या भेटीत तुमचं नाव विचारतात, काही पगार विचारतात. तेलीबागेतले आप्पा विचारतात, "खयचे?" आणि हा प्रश्न ते माणसांपुरता ठेवत नाहीत. लिंबू, वांगी, चहाची पूड, दाताचा डॉक्टर, देवळातला नवा पुजारी, सगळ्यांना तो लागू आहे. भाजीवाल्याला ते हिंदीत विचारतात, "कहाँ का है?" तो "मंडी का" म्हणाला की हातातलं वांगं परत ढिगात जातं. मंडी हा काही पत्ता झाला? उत्तर प्रदेशाबद्दल आप्पांचं मत एकूण चांगलं आहे, आणि त्याचं मुख्य कारण इथल्या विटा. प्रत्येक विटेवर भट्टीचं नाव ठसवलेलं असतं. "वीटसुद्धा आपलं गाव सांगते इथे," ते कौतुकाने म्हणतात.

बदली होऊन मी इथे आलो आणि तेलीबागेत भाड्याने राहू लागलो, तेव्हा मराठी पाटी वाचून मी त्यांच्या फाटकाशी थांबलो. आडनाव सांगितलं.

"ता कळला. पाणी खयचा?"

"पुणं. म्हणजे... खडकवासला."

"गोडो," आप्पा आत तोंड करून ओरडले. हा निदानाचा प्रकार होता. आतून काकूंनी विचारलं, "मग चहा टाकू ना?" गोड्या पाण्यातल्या माणसाला चहा देता येतो, यावर दोघांचं एकमत झालं.

आप्पा मूळचे मालवणचे. लष्कराच्या बांधकाम खात्यात नोकरी, तीही पाणीपुरवठ्याच्या बाजूला, आणि शेवटची अनेक वर्षं लखनऊच्या कँटोनमेंटमध्ये. कँटोनमेंट संपलं की रायबरेली रोडवर तेलीबाग लागते, आणि नोकरी संपली की कँटोनमेंटातली बरीच माणसं तेलीबागेत घर बांधतात. तसं आप्पांनीही बांधलं. समुद्र इथून कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब. जवळचं मोठं पाणी म्हणजे शारदा कालवा. पण त्याच कालव्याकाठच्या रस्त्यावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. १९८३ साली अलाहाबादेत सुरू झालेली ही संस्था पुढे लखनऊला आली. आप्पा सांगताना ती आपल्यामागून आली असं सुचवतात. "देशभरच्या माशांच्या कुंडल्या माझ्या घराशेजारी ठेवलेल्या आहेत," असं पाहुण्यांना सांगून ते त्यांना तिथल्या गंगा ॲक्वेरियममध्ये नेतात. पाहुणे मासे बघतात. आप्पा तिथल्या माणसाला गाठून टाकीतलं पाणी कुठलं आहे ते विचारतात.

पाण्याचा हा नाद नोकरीतून आला की मालवणातून, याचा शोध काकूंनी कधीच सोडून दिला आहे. तेलीबागेत घरोघरी आरओ बसले, तेव्हा आप्पांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, आरओ पाण्याचा पत्ता पुसून टाकतं. मग ते पाणी कुणाचंच राहत नाही. काकूंनी तरी आरओ बसवला. आप्पा बाहेरच्या नळाचं पितात, आणि पोट बिघडलं तर ते "स्थानिक" बिघडलं आहे याचं समाधान मानतात.

त्यांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो. वीतभर लांबीची नळी, एका टोकाला काच. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत पट्टीवर क्षारता दिसते, दर हजारी किती भाग. हे यंत्र मत्स्यशेती करणारे वापरतात. आप्पा ते तेलीबाग बाजारात बताशेवाल्याकडे वापरतात. पानी के बताशे म्हणजे आपली पाणीपुरी. पुदिन्याचं पाणी काचेवर, नळी सूर्याकडे, एक डोळा मिटलेला, मागे गिऱ्हाइकांची रांग.

"अंकल, चाँद दिख गया क्या?" बताशेवाला विचारतो.

"सोलह," आप्पा जाहीर करतात. "मृगाचो पाऊस पडल्यावरची कर्लीची खाडी. शिनाणे मरतले." आणि मग सहा बताशे खातात. त्या सोळात साखर, चिंच आणि चाट मसाला किती, हे यंत्राला वेगळं काढता येत नाही. मी हे एकदा म्हणालो. माझी गणना गोड्या पाण्यात का झाली होती, ते आप्पांना पुन्हा एकदा पटलं.

तर शिनाणे. घाटावरच्या वाचकांनी हे तिसऱ्यांशी किंवा कालवांशी घोळू नये. बोटभर लांब, निमुळता शिंपला, काठाला हिरवी झाक. आत मांस पांढरट निघालं तर नर, केशरी निघालं तर मादी. आप्पांच्या मते सृष्टीतला हा एकमेव प्रामाणिक प्राणी. मासा पळतो, आज देवबागला चरेल, उद्या वेंगुर्ल्याला. कोंबडी विकतचा दाणा खाते. माणसाबद्दल तर बोलायलाच नको. शिनाणे मात्र बारीक असताना एकदा कुठे टेकले की अंगातून रेशमासारखे चिवट धागे काढून खडकाला नाहीतर दोराला घट्ट धरतात आणि समोरून जे पाणी जाईल ते गाळून त्यातलं खातात. निवड नाही, आवड नाही, हॉटेल नाही. "जा पाणी, ता मांस," आप्पा म्हणतात, "लबाडी करूक जागाच नाय."

या सिद्धान्तात हास्यास्पद काही नाही, हीच आप्पांच्या बाबतीतली अडचण आहे. माणूस विक्षिप्त असावा आणि चुकीचा असावा, म्हणजे त्याला हसून मोकळं होता येतं. आप्पांचं शास्त्र बरोबर असतं. शिनाण्यांच्या अंगातला खारेपणा बाहेरच्या पाण्याबरोबर वरखाली होतो. पाणी जास्त खारं असेल तर तोल राखायला ते अंगात ग्लायसीन, ॲलनीन अशी अमिनो आम्लं साठवतात, आणि नेमकी तीच आपल्या जिभेला गोडसर, चवदार लागतात. म्हणजे खाऱ्या पाण्यातला शिंपला गोड, आणि पावसाने फिकट झालेल्या खाडीतला पुचाट. मांस भरलेलं आहे की नाही ते पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर आणि अंडी सोडून झाली आहेत की नाही यावर. कवच जाड की पातळ, तेही पत्त्यावर. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावरचे दिवसातले काही तास उपाशी राहतात, सावकाश वाढतात, जाड कवच करतात. दोरावर सतत बुडालेले भराभर वाढतात, पातळ कवच, मांस जास्त, आणि तळाला लागत नाहीत म्हणून दाताखाली वाळू नाही. मात्र रोज ओहोटी सोसणाऱ्यांना शिंपले मिटून धरायची सवय असते, त्यामुळे प्रवासात तेच जास्त टिकतात. हे शेवटचं वाक्य आप्पा छातीवर हात ठेवून म्हणतात.

काकू रत्नागिरीच्या, मिऱ्याच्या. त्यामुळे या घरात चाळीस वर्षं एक सीमावाद चालू आहे. काकूंचं म्हणणं, शिनाणे मिऱ्याच्या खडकांवरचे. आप्पांचं म्हणणं, मिऱ्याचे शिनाणे खाल्ले तर चालतात. दोघांच्या मध्ये पडून एकदा मी केरळचं नाव काढलं. केरळने काम मोठं केलं आहे यात वाद नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तंत्र दिलं आणि १९९६-९७च्या सुमारास कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात बायकांच्या गटांनी खाडीत बांबूच्या मांडवांवर शिनाण्यांची शेती सुरू केली. दोराभोवती बी पसरायचं, वरून मच्छरदाणीचं सुती कापड शिवायचं. दोन-चार दिवसांत कापड कुजून गळतं, तोवर शिंपल्यांनी दोर पकडलेला असतो. डिसेंबरात टांगायचे, पाऊस यायच्या आत काढायचे, कारण खाडीत गोडं पाणी भरलं की खेळ संपला. आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तेंच्या मसाल्यात तिरफळ असता?" नसतं. "मगे झाला तर."

शास्त्राच्या बाजूनेही आपला प्रांत मागे नाही, हे सांगायला त्यांच्याकडे एक कात्रण आहे. १९७७ साली गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तराफ्यांवरून दोर सोडून हिरवे शिनाणे वाढवल्याचा शोधनिबंध लिहिला. कासिम, परुळेकर, हरकंत्रा, अन्सारी, नायर. आप्पा यातल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवतात. परुळेकर म्हणजे परुळ्याचे, आणि परुळं मालवणपासून किती लांब? बाकीची चार नावं आणि सगळी आकडेवारी त्यांच्या दृष्टीने तपशिलाचा भाग.

त्यांची मुलगी हॉलंडात असते. नवरा लखनऊचाच, अमीनाबादचा. लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी मुलाला विचारायचं ते विचारलंच. तो म्हणाला, "पैदाइश अमीनाबाद की है, पर बचपन चेन्नई में गुज़रा, पापा बंदरगाह में थे।" आप्पांनी काकूंना आत बोलावून सांगितलं, "बी खयचा ता सोड. वाढलो खय ता बघ. खाऱ्या पाण्यात वाढलो हा." लग्न झालं.

मुलीकडे गेल्यावर जावयाने त्यांना गाडीत घालून युरोपचा किनारा दाखवला. बाकीचे लोक आयफेल टॉवरचे फोटो दाखवतात. आप्पा मोंसां-मिशेलच्या खाडीतल्या लाकडी खांबांचे दाखवतात. मागे तो जगप्रसिद्ध मठ धूसर दिसतो. काही फोटोंत आप्पांचा अंगठा त्याच्यावर आलेला आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक तेरा-चौदा मीटरपर्यंत जातो, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या सपाटीवर खांबांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येक खांबाला शिनाणे लगडलेले. आकाराने लहान, मांस केशरी, घट्ट. २००६ साली फ्रान्सने त्यांना प्रदेशनामाचं संरक्षण दिलं आणि २०११ साली युरोपने. म्हणजे ते नाव लावायचं तर त्या खाडीतलाच शिंपला हवा. "सरकारी दाखलो!" आप्पा म्हणतात. "अधिवासाचो!" स्पेनच्या गॅलिसियातही तोच कायदा, २००७पासून. तिथे मोठाले तराफे, एकेकाखाली पाचशेपर्यंत दोर, आणि खोल समुद्रातलं थंड, सकस पाणी वर येऊन त्या खाड्यांत शिरतं म्हणून मांस भरदार. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, मालवणच्या शिनाण्यांना का नाही, असं पत्र आप्पांनी बरंच वर पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. पत्र इंग्रजीत लिहिल्यामुळे चव गेली असावी, असा त्यांचा कयास आहे.

हापूस हा शब्द त्यांनी तेलीबागेत जपून वापरावा, असं काकूंनी बजावलेलं आहे. शेजारचे मिश्राजी मलिहाबादजवळच्या आंबा-बागाइतदार घरातले. त्यांच्याशी आप्पांचा वाद दर मे महिन्यात होतो आणि तो इतका अदबीने होतो की बाहेरच्याला वाटावं, दोघं एकमेकांना लग्नाचं आमंत्रण देताहेत. "जनाब, हापुस अपनी जगह है," मिश्राजी म्हणतात. "हुज़ूर, वही तो मैं अर्ज़ कर रहा हूँ," आप्पा म्हणतात, "अपनी जगह!" आप्पांचं हिंदी काय सुरेख आहे हे इथे सांगायला हवं. नुक्ते जागच्या जागी. मालवणी माणसाच्या तोंडून "तशरीफ़ रखिए" ऐकलं की खुर्चीवर बसायचं दडपण येतं.

गेल्या मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने किनाऱ्यावर एक प्रकल्प झाला होता. त्यात बचतगटांना, मच्छीमारांना कालवं आणि शिनाणे वाढवायला शिकवलं. तिथून या पुतण्याला नाद लागला. त्याचे दोर काढायला आले होते. ओळखीचा मुलगा लखनऊला येत होता. कोकणकन्या, मग मुंबईहून पुष्पक. थर्मोकोलचा खोका, ओलं गोणपाट, बर्फ.

खोका आला मंगळवारी. साधा मंगळवार असता तर निभावलं असतं. जेठातला होता. लखनऊमध्ये जेठातले मंगळवार म्हणजे बडा मंगल. चौकाचौकांत हनुमानाचे भंडारे, पुरी-आलू, बुंदी, सरबत, आणि अलीगंजच्या मंदिराकडे लोटलेला गाव. काकूंचा स्वतःचा भंडारा होता, मिश्राजींबरोबर भागीत. त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "आज नाही."

"अगो, जिवंत आहेत. उद्यापर्यंत मरतील."

"मग मारुतीची इच्छा."

आप्पांनी वाद घातला नाही. पाणीपुरवठ्याचा माणूस संकटात शांत असतो. त्यांनी मला फोन केला आणि मीठ आणायला सांगितलं, खड्याचं, आयोडिनाशिवायचं. न्हाणीघरात टब ठेवला. चाळीस लिटर पाणी, हजारी तीसच्या हिशेबाने बाराशे ग्रॅम मीठ. पाणी कुठलं घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा क्षणभर ते गप्प झाले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असण्याचा धोका. बाहेरच्या बोअरिंगचं जड. उरलं ते काकूंचं आरओ. बादल्या भरताना ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं हे त्यांना माहीत होतं. एका रात्रीपुरतं चालवून घ्या, असं त्यांनी शिनाण्यांनाच वाकून सांगितलं. शेजारच्या मुलाच्या फिशटँकचा हवेचा पंप आला. गार राहायला बर्फाच्या बाटल्या टबात सोडल्या. रिफ्रॅक्टोमीटरने तीस दाखवलं. बाहेर भंडाऱ्यात "बजरंगबली की जय" चाललं होतं, आणि आप्पा मधूनमधून बाहेर येऊन दोन पुऱ्या वाढून परत आत जात होते.

रात्री साडेदहाला त्यांचा फोन. "तोंड उघडल्यांनी!"

बुधवारी दुपारी मी जेवायला गेलो तेव्हा घरात तणाव होता. काकूंनी वाटप करून ठेवलं होतं, ओलं खोबरं, तिरफळ, सोलं, सगळं तयार. शिनाणे मात्र अजून टबातच.

"काय झालं?"

"हिका विचार," आप्पा म्हणाले.

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी एवढंच म्हटलं, रात्रभर तेलीबागेच्या पाण्यात होते. जे पाणी ते मांस. म्हणजे आता हे तेलीबागेचे."

मी आप्पांकडे पाहिलं. एखाद्या माणसाचा सिद्धान्त त्याच्या घरातच इतका मन लावून ऐकला गेला असेल, असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी प्रतिवाद केला. चरबी, मांसाची घडण ही महिन्यांची कमाई असते, एका रात्रीत ती जात नाही. हॉलंडमध्ये यर्सेकेला शिनाण्यांचा लिलाव होतो, त्यानंतर वाळू सोडावी म्हणून त्यांना पुन्हा ऊस्टरस्केल्डच्या स्वच्छ पाण्यात ठेवतात, तरी कुणी त्यांचं गाव बदलत नाही.

"बदलतात की," काकू म्हणाल्या. हॉलंडला त्याही गेल्या होत्या, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. "उत्तरेच्या वाडन समुद्रात वाढलेले तिथे येतात, ऊस्टरस्केल्डमध्ये डुंबतात, आणि झेलंडचे म्हणून विकले जातात. जावयांनीच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोटो काढत होता."

आप्पा खुर्चीवर बसले. खारेपणाचा हिशेब त्यांनी स्वतःच मला शिकवला होता: तो काही तासांत बदलतो. कालचं मालवणचं मीठ रात्रीतून बाहेर गेलं होतं, आणि आत आलं होतं ते तेलीबाग बाजारातल्या किराणा दुकानाचं. चव त्या मिठाची, देह मालवणचा. असा दाखला कुठल्या तहसिलीत मिळतो?

"टाक," शेवटी ते म्हणाले. "पण मसालो मालवणी."

मसाला मिऱ्याचा होता. तो कालच वाटून झाला होता, आणि हे ताटावर बसेपर्यंत कुणी बोललं नाही. आप्पांनी पहिला शिंपला उघडला, डोळे मिटले, चावला, थांबले. मग भराभर सात-आठ खाल्ले. मत दिलं नाही. मिश्राजी फक्त सोबत म्हणून बसले होते, त्यांनी ताटापासून हातभर लांब खुर्ची ठेवून विचारलं, "तो हुज़ूर, ज़ायका समंदर का है या तेलीबाग का?"

"आपकी सोहबत का है," आप्पा म्हणाले. लखनऊमध्ये असं उत्तर देऊन सुटता येतं.

काकूंना मात्र सुटू द्यायचं नव्हतं. भात वाढता वाढता त्यांनी मला सांगितलं, मागच्या वेळी मालवणला गेलो ना, तर जेट्टीवरचा होडीवाला पोरगा यांना काय म्हणाला माहिताय? आप्पा म्हणाले, ता नको. काकू म्हणाल्या, हे त्याला म्हणाले, "भाऊ, ज़रा तशरीफ़ सरकव." तर तो पोरगा म्हणाला, "अंकल, कहाँ से आये हैं आप? किल्ला देखेंगे?"

मिश्राजींना मराठी येत नाही, पण एवढं कळलं. ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"तो पोरगो खयचो होतो ता इचारलंय मी," आप्पा आणखी एक शिंपला उघडत म्हणाले. "वेंगुर्ल्याचो! वेंगुर्लेकारांक काय कळता?"